रुग्ण "काही नाही" म्हणतो आणि संध्याकाळी पिशवीतून गोळ्या निघतात: हिस्टरी घ्यावी तरी कशी?

जीएनएम तिसरे वर्ष, कोल्हापूर

सर्व ज्येष्ठ परिचारिकांना नमस्कार. मी जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या कोल्हापुरातील एका रुग्णालयात पुरुष शल्य विभागात माझी पोस्टिंग आहे. गेल्या आठवड्यात हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका शेतकरी काकांची हिस्टरी, म्हणजे आधीचे आजार, औषधे, सवयी यांची माहिती, मी घेतली. छापील नमुन्याच्या क्रमानेच विचारले: पूर्वीचा काही आजार, रक्तदाब, मधुमेह, कोणत्या औषधाची ॲलर्जी, व्यसन. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी "काय न्हाई ओ" एवढेच उत्तर दिले आणि मी प्रत्येक रकान्यात "नाही" लिहून मोकळी झाले. संध्याकाळी काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीतून गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या. एक रक्तदाबाची आणि दुसरी रक्त पातळ ठेवण्याची. काकांना विचारले, तर ते शांतपणे म्हणाले, "गोळी चालू हाय, म्हंजे बीपी न्हाईच की आता." शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली आणि बोलणी मला खावी लागली. काका खोटे बोलले असे मला वाटत नाही, पण मग माझे नेमके कोठे चुकले?

निवृत्त परिसेविका

बाळ, काका खोटे बोलले नाहीत, हे तुझ्या लक्षात आले, यातच निम्मे काम झाले. तू विचारलेस त्याचे उत्तर त्यांनी दिले. तू विचारायला हवे होते ते मात्र विचारले नाहीस. आपल्या भागात "आजार" म्हणजे अंथरुणाला खिळवतो तो. रोज सकाळी चहाबरोबर घेतलेली गोळी आजारात मोजली जात नाही. म्हणून मी "आजार आहे का" असे कधी विचारत नसे. "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कोणकोणत्या गोळ्या, चूर्ण, काढे पोटात जातात?" असे विचारून मी पिशवीच समोर ठेवायला सांगत असे. त्या पिशवीतून गुडघेदुखीवर कोणीतरी दिलेल्या, नाव नसलेल्या पुड्याही निघतात. त्यांत कधी वेदनाशामक असते, कधी स्टेरॉइड असते. एक मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते, तर दुसरे बरेच दिवस चालू असून अचानक बंद झाले, तर रुग्ण शस्त्रक्रियेच्या वेळी कोसळू शकतो.

ॲलर्जीचेही तसेच आहे. तो शब्द पुष्कळांना ऐकून माहीत असतो, पण आपल्याला झाले ते हेच, असे वाटत नाही. "कोणत्या गोळीने किंवा सुईने अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या का, तोंड सुजले होते का, दम लागला होता का?" असे विचारले, की उत्तर येते. तंबाखूला "नाही" म्हणणारी आजी मशेरी लावत असते, कारण तिच्या लेखी मशेरी हे दात घासणे आहे. "ऑपरेशन झाले आहे का" याला "नाही" म्हणणाऱ्या बाईचे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झालेले असते. प्रसूतीच्या हिस्टरीत "मुले किती" असे विचारून थांबू नये; "किती वेळा दिवस राहिले होते" असे विचारावे, म्हणजे गर्भपात आणि दगावलेली बाळेही समजतात. आणि "अंगावरून जाते" असे कोणी म्हणाले, तर पांढरे की लाल, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तारखा तर कोणालाच सांगता येत नाहीत. २०१९ च्या महापुराच्या आधीचे की नंतरचे, जोतिबाच्या चैत्र यात्रेला डोंगर चढताना धाप लागत होती का, यंदाचा ऊस तुटून गेला तेव्हा खोकला होता का, असे विचारले, तर महिन्याचा हिशेब बरोबर लागतो.

अपघात विभागातील ब्रदर

परिसेविकाताईंच्या अनुभवापुढे मी लहान आहे, तरी थोडे वेगळे मांडतो. आमच्याकडे रात्री एका वेळी चार रुग्ण येतात, तेव्हा जोतिबाच्या यात्रेपर्यंत जाण्याइतका वेळ नसतो. तेथे काय होत आहे, कशाची ॲलर्जी, कोणती औषधे, पूर्वीचे मोठे दुखणे, शेवटचे खाणेपिणे कधी आणि हे घडले कसे, इतके आधी विचारावे, बाकीचे वॉर्डात.

मात्र दारूचा प्रश्न वॉर्डावर ढकलू नये, आणि "पिता का" असेही विचारू नये, कारण उत्तर "कधीतरी" असेच येते. "शेवटची कधी घेतली आणि रोज साधारण किती लागते?" असे नोंद घेतल्यासारख्या सरळ स्वरात विचारावे. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम सुरू होऊ शकतो. हाड मोडून दाखल झालेला माणूस तिसऱ्या रात्री सलाईन ओढून काढतो आणि सगळे म्हणतात, "वेड लागले". शेवटचा पेला कधी झाला, हे पहिल्या दिवशी कोणी लिहिलेले नसते.

गडहिंग्लज भागातील आरोग्य परिचारिका

दोन गोष्टी राहिल्या. आमच्याकडे सीमेपलीकडचे कन्नड बोलणारे रुग्ण पुष्कळ येतात आणि दुभाषी म्हणून बहुधा नातू उभा असतो. आजीची लघवीची किंवा गर्भाशयाची तक्रार नातवाच्या तोंडून कशी यावी? अशा वेळी कन्नड येणारी एखादी सहकारी बोलवावी. सासू शेजारी उभी असताना सुनेला पाळीबद्दल विचारणेही व्यर्थ आहे. सासूबाईंना केसपेपर काढायला पाठवावे, पडदा ओढावा आणि मग विचारावे.

दुसरे, व्यवसाय. "शेती" असे उत्तर आले, तरी "आधी काय करत होता?" हे विचारावेच. जुना खोकला घेऊन आलेल्या माणसाने शिरोलीच्या फाउंड्रीत वीस वर्षे वाळूत काढलेली असू शकतात. वाळूच्या बारीक धुळीने फुप्फुसे खराब होतात आणि क्षयाचा धोकाही वाढतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावर आयुष्य गेलेल्या माणसाला तर आपला प्रश्न ऐकूच आलेला नसतो, तो नुसती मान हलवतो. त्याच्या समोर बसून, मास्क खाली घेणे शक्य असेल तर घेऊन, सावकाश बोलावे.

जीएनएम तिसरे वर्ष, कोल्हापूर

सर्वांची आभारी आहे. काल नव्या रुग्णाला मी पिशवी दाखवायला सांगितली. त्यात मधुमेहाची गोळी निघाली आणि ती महिन्यापूर्वीच संपल्याचे कळले. नुसते रिकामे पाकीट जपून ठेवले होते. आता एक शंका आहे. त्यांनी "छातीत चमक मारती" असे सांगितले. कागदावर ते शुद्ध करून "छातीत वेदना" असे लिहावे का?

निवृत्त परिसेविका

नाही. अवतरणचिन्हांत "चमक मारती" असेच लिही. चमक, कळ, ठणका आणि जळजळ या चार वेगळ्या वेदना आहेत, आणि डॉक्टरांना त्यांतली कोणती हे हवे असते. त्याखाली कधीपासून, कोठून कोठे जाते, कशाने वाढते आणि कशाने थांबते, हे तुझ्या शब्दांत लिही. आणि गोळी महिनाभर का घेतली नाही, तेही विचारून ठेव. पैसे नव्हते की बरे वाटले म्हणून सोडली, त्यावर घरी जातानाचा सल्ला बदलतो.