मदत हवी आहे : विष बांधणाऱ्या पॉलिमरची पेशींवरील चाचणी विश्वासार्ह कशी करावी?

नमस्कार. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलमुळे होणाऱ्या आतड्याच्या संसर्गाचा अभ्यास करत आहे. यातील जुलाब आणि दाह मुख्यतः त्या जिवाणूच्या ए आणि बी या विषांमुळे होतात. म्हणून जिवाणूंना न मारता विषच आतड्यात बांधून ठेवावे आणि तिथले उपकारक जिवाणू शाबूत राखावेत, हा विचार मला आजही मनापासून पटतो.

मात्र याच विचाराने बनवलेल्या, विष बांधणाऱ्या टोलेव्हामर या पॉलिमरचा (लांब साखळीच्या रेणूचा) अनुभव सावध करणारा आहे. हॅमस्टरमध्ये आशादायक ठरलेल्या या पॉलिमरने तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत (निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले) केवळ ४४.२% रुग्णांना गुण आला, तर मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाने ७२.७% आणि व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाने ८१.१% रुग्णांना. बरे झालेल्यांत आजार उलटण्याचे प्रमाण टोलेव्हामरच्या गटात सर्वांत कमी होते, हेही विसरता येत नाही. त्याआधी २००९ मध्येच लीड्सच्या संशोधकांनी, विष्ठेतील जिवाणू वाढवलेल्या कृत्रिम आतड्यात टोलेव्हामर विष निष्प्रभ करू शकत नाही, असे नोंदवले होते.

मीही असेच एक पॉलिमर तपासत आहे आणि माझी अडचण, त्यानंतर किती विष मोकळे उरले हे पेशींवर मोजण्याच्या पायरीवर आहे. व्हेरो पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर) नमुन्याचे क्रमशः विरलन, म्हणजे टप्प्याटप्प्याने पातळ केलेले द्रव, टाकले की विष असलेल्या खणांतील (पेशी वाढवण्याच्या तबकडीतील छोट्या कप्प्यांतील) चपट्या, टोकदार पेशी आकसून गोल होतात आणि ज्या शेवटच्या विरलनापर्यंत त्या गोल दिसतात, त्यावरून विषाची पातळी ठरते. परंतु माझे पॉलिमर विद्राव्य असल्यामुळे सेंट्रिफ्यूज करूनही ते खाली बसत नाही. ते नमुन्यासोबत खणात गेले, तर मूळ द्रवात मोकळे असलेले विष तिथेच बांधले जाऊन खोटे यश दिसू शकते. उलट विरलनामुळे पकड सुटली, तर खरे यशही झाकले जाईल. विषरोधक द्रव्य घातलेले आणि केवळ पॉलिमर असलेले नियंत्रण खण (तुलनेसाठीचे खण) मी ठेवतो, पण त्यांतून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.

पॉलिमरच्या प्रत्येक विरलनात ठरावीक प्रमाणात शुद्ध बी विष मिसळून वेगळे नियंत्रण ठेवणे पुरेसे होईल का, की पेशींवर टाकण्यापूर्वी पॉलिमर नमुन्यातून काढून टाकणेच आवश्यक आहे? आणि बफरऐवजी विष्ठेच्या गाळलेल्या द्रवात, म्हणजे क्षार व इतर प्रथिनांच्या गर्दीत, ही चाचणी कोणी केली असल्यास त्या द्रवाचाच पेशींवर होणारा परिणाम कसा वेगळा काढला, हे कृपया सविस्तर सांगावे.