पाळणाघरासाठी सरकारी अनुदान : घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या बाईला ते मिळू शकते का?

प्रश्न (हर्णै परिसर, तालुका दापोली)

नमस्कार. हर्णै बंदरापासून थोड्या अंतरावरील एका वाडीत मी गेली सहा वर्षे राहत्या घराच्या पडवीत पाळणाघर चालवते. सध्या माझ्याकडे चौदा मुले आहेत. सर्वांत लहान आठ महिन्यांचे आहे आणि सर्वांत मोठे पाच वर्षांचे. बहुतेकांच्या आया बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन ती दापोलीच्या बाजारात किंवा वाड्यावाड्यांतून विकतात. तिघीजणी आंब्याच्या बागेत कामाला जातात. सकाळच्या लिलावाला जाणाऱ्या बायका साडेपाचलाच मूल माझ्या हाती देतात, तेव्हा ते झोपेतच असते, आणि मी त्याला तसेच वाशाला बांधलेल्या झोळीत घालते. अकरा-साडेअकरापर्यंत ही मुले घरी जातात. मग दुपारच्या लिलावाच्या बायकांची मुले येतात आणि ती दिवेलागणीपर्यंत थांबतात.

मी दरमहा पाचशे रुपये घेते. ज्या महिन्यात पैसे देणे जमत नाही, त्या महिन्यात मांदेली किंवा बांगडा येतो, आणि मी तो नाकारत नाही. मात्र गॅस, दूध, नाचणीचे सत्त्व आणि मदतीला येणाऱ्या मुलीचा पगार मासळीत भागत नाही. त्यातच जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा चौदाची पाच मुले होतात, पण मदतनीस मुलीला त्या दोन महिन्यांत सोडून दिले तर ती ऑगस्टमध्ये परत येईलच असे नाही.

पाळणाघरांसाठी केंद्र सरकारचे अनुदान असते, असे अलीकडे कानावर आले. तालुक्याच्या ठिकाणी कागदपत्रांची कामे करणाऱ्या एका गृहस्थांनी ‘संस्था काढून फाईल पुढे सरकवण्यासाठी’ पंधरा हजार रुपये मागितले आहेत. माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे आणि वय एकोणचाळीस आहे. असे अनुदान एकट्या बाईला मिळते का? मिळत नसेल, तर त्यासाठी संस्था काढणे योग्य ठरेल का? आणि आमच्या बंदराच्या वेळा सरकारी नियमांत बसतील का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (निवृत्त पर्यवेक्षिका, एकात्मिक बालविकास सेवा योजना)

ताई, प्रथम ते पंधरा हजार रुपये आपल्याजवळच ठेवा. बाकीचे त्यानंतर सांगते.

ज्या योजनेविषयी आपण ऐकले आहे, तिचे रूप गेल्या काही वर्षांत दोनदा बदलले असल्यामुळे लोकांच्या बोलण्यात जुने आणि नवे नियम एकमेकांत मिसळलेले असतात. १ जानेवारी २००६ पासून नोकरदार मातांच्या मुलांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली आणि त्या काळात अनुदान स्वयंसेवी संस्थांमार्फत पाळणाघरांपर्यंत पोहोचत असे. १ जानेवारी २०१७ पासून ती राष्ट्रीय पाळणाघर योजना या नावाने राज्य सरकारांकडे आली, आणि आपल्यासारख्या राज्यांत खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के, राज्य ३० टक्के आणि चालवणारी संस्था १० टक्के अशी ठरली. २०२२ मध्ये मिशन शक्ती हा केंद्राचा महिलांसाठीचा एकत्रित कार्यक्रम आला, तेव्हा हीच योजना ‘पाळणा’ या नावाने त्यात समाविष्ट झाली आणि तिचा सगळा भर अंगणवाडीतच पाळणाघर चालवण्यावर गेला. आता खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा उचलतात. महाराष्ट्रात २०२५ मध्ये अशा ३४५ पाळणाघरांना मंजुरी मिळाली. सारे राज्य मिळून ३४५ म्हणजे एखाद्या तालुक्याच्या वाट्याला किती येणार, याचा हिशेब आपणच करावा.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, घरात पाळणाघर चालवणाऱ्या व्यक्तीने अर्ज करावा आणि तिच्या खात्यात अनुदान जमा व्हावे, अशी सोय या योजनेत नाही. पैसा अंगणवाडीच्या वाटेने जातो. परंतु ज्या अंगणवाडीला पाळणाघर जोडले जाते तेथे एक पाळणा सेविका आणि एक पाळणा मदतनीस मानधनावर घेतात. सेविकेला दरमहा ५,५०० रुपये आणि मदतनिसाला ३,००० रुपये मिळतात, शिवाय आधीपासून असलेल्या अंगणवाडी सेविकेला १,५०० आणि मदतनिसाला ७५० रुपये भत्ता मिळतो. सेविकेसाठी बारावी आणि मदतनिसासाठी दहावी ही शिक्षणाची अट असून वयोमर्यादा २० ते ४५ अशी आहे. म्हणजे सेविकेच्या जागेसाठी आपण शिक्षणाने आणि वयाने आज पात्र आहात, आणि आपल्या हाती आणखी सहा वर्षे आहेत.

वेळेबाबत आपण विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नोकरीत असताना याच एका मुद्द्यावर मी अनेक बैठकांमध्ये बोलले आहे. नियम असा की पाळणाघर महिन्यातून २६ दिवस आणि रोज साडेसात तास उघडे असावे, मुलांची संख्या २५ पेक्षा जास्त नसावी आणि मुले ६ महिने ते ६ वर्षे या वयोगटातील असावीत. मात्र ते साडेसात तास कोणते, हे परिसरातील बहुसंख्य मातांच्या कामाच्या वेळेनुसार ठरवावे, असे मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे. कार्यालयात बसलेल्या माणसाला नऊ ते साडेचार हीच वेळ सुचते, कारण ती त्याच्या सोयीची असते. हर्णैच्या बायकांची गरज पहाटे साडेपाच ते साडेअकरा आणि पुन्हा दुपारी तीननंतर अशी दोन तुकड्यांत आहे, हे कोणीतरी लिहून दिल्याशिवाय ते कागदावर येणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा : आपल्याकडील चौदाही मुलांच्या आयांचे काम, मूल सोडण्याची वेळ आणि नेण्याची वेळ एका साध्या तक्त्यात लिहा, त्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या, आणि आपल्या वाडीच्या अंगणवाडीला पाळणाघर जोडावे अशी मागणी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. तो क्रमांक नसलेला अर्ज कार्यालयाच्या दृष्टीने आलेलाच नसतो.

प्रतिसाद २ (वेंगुर्ले)

पर्यवेक्षिका ताईंनी नियम सांगितले. मी अनुभव सांगतो. आमच्या छोट्या संस्थेने काजू फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी जुन्या योजनेखाली काही वर्षे दोन पाळणाघरे चालवली. २०१७ नंतरच्या नियमांत सेविकेला ३,००० आणि मदतनिसाला १,५०० रुपये मानधन होते. पालकांकडून घ्यायची फी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला दरमहा २० रुपये, १२,००० रुपयांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्यांना १०० आणि त्यावरील कुटुंबांना २०० अशी ठरलेली होती. आपण आज पाचशे घेता. अनुदान आले म्हणजे आपली फी तशीच राहील, अशी समजूत असेल तर ती आधीच दूर करावी.

अनुदान मंजूर होणे आणि अनुदान हातात पडणे यांत किती अंतर असते, हे संस्था काढण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे. एका वर्षी आमचा दुसरा हप्ता पुढील आर्थिक वर्ष उजाडले तरी आला नव्हता, आणि दोन्ही सेविकांचे मानधन आम्ही तिघा पदाधिकाऱ्यांनी खिशातून आणि एकदा तर पतपेढीतून कर्ज काढून दिले. पैसे पुढे आले, परंतु कर्जावरचे व्याज कोणत्याही रकान्यात बसत नव्हते. हप्ता मागायचा तर आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला हवा, आणि हप्ताच उशिरा आला असेल तर खर्चही उशिरा होतो, म्हणून प्रमाणपत्रही उशिरा जाते. हे चाक एकदा अडकले की अडकलेच.

हजेरीचीही एक गोष्ट सांगतो. जुलैत धो धो पाऊस पडत असताना तपासणी झाली, त्या दिवशी पंचवीसपैकी सात मुले हजर होती. तपासणी अहवालात ‘लाभार्थी सात’ एवढेच लिहिले गेले. आम्ही मागील अकरा महिन्यांचे हजेरीपट नेऊन दाखवले, ओढ्याला पाणी आल्याचे तलाठ्याचे पत्र जोडले, तेव्हा कुठे तो शेरा बदलला. तुमच्याकडे तर पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी दरवर्षी ठरलेली आहे. तेव्हा मागणीच्या अर्जातच हा हंगाम स्पष्ट लिहा, आणि मार्च ते मे या आंब्याच्या दिवसांत मुले वाढतात हेही लिहा, म्हणजे वर्षाची सरासरी धरायला जागा राहील. २६ दिवसांचा नियम गणपतीच्या महिन्यात कोकणात कसा पाळायचा, याचे उत्तर मला आजतागायत कोणी दिलेले नाही.

एक गोष्ट राहिली. जेथे ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी आहेत त्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे, अशी तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली. आपल्याकडे मासळी विकणारी बाई स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर, त्यामुळे तिला या तरतुदीचा उपयोग नाही. परंतु जवळपास मासळीवर प्रक्रिया करणारा एखादा मोठा कारखाना असेल आणि तेथील बायका आपल्याकडे मुले ठेवत असतील, तर त्या मुलांचा खर्च मालकाने द्यावा असे आपण त्याला रीतसर पत्र देऊन म्हणू शकता. आमच्याकडे एका मालकाने तो काही काळ दिला होता.

प्रतिसाद ३ (चिपळूण, हिशेबनीस)

संस्था काढण्याविषयी थोडक्यात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, नंतर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते, आणि सरकारी अनुदान मागायचे तर नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरही नोंद लागते. पुढे दरवर्षी लेखापरीक्षण, आणि पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. चौदा मुलांच्या पाळणाघरासाठी एवढा संसार मांडणे मला व्यवहार्य वाटत नाही, तेही ज्या योजनेचा पैसा आता मुख्यतः अंगणवाडीकडे जातो तिच्यासाठी.

कोणी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे नाव सुचवील, म्हणून तेही सांगून टाकतो. सेवा क्षेत्रात २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प आणि ग्रामीण भागातील महिलेला ३५ टक्के अनुदान, हे ऐकायला गोड वाटते. पण ते बँकेच्या कर्जाला चिकटलेले अनुदान आहे, तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून अडकून राहते, आणि उरलेल्या कर्जाचा हप्ता जून-जुलैतही थांबत नाही. पाचशे रुपये फी आणि बांगड्याच्या वाट्यावर ते फेडता येणार नाही.

त्यापेक्षा जवळचा मार्ग ग्रामपंचायतीचा आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. समजा, घरपट्टी, पाणीपट्टी आणि इतर मिळून वर्षाचे उत्पन्न आठ लाख असेल, तर ऐंशी हजार रुपये या शीर्षाखाली निघतात, आणि अनेक गावांत मार्च जवळ आला की ते शिलाई यंत्रांवर किंवा एखाद्या मेळाव्यावर घाईने संपवले जातात. ही रक्कम रोखीने आपल्या हाती येईल अशी अपेक्षा ठेवू नका. पाळणे, सतरंज्या, पाण्याचे शुद्धीकरण यंत्र, लहान मुलांसाठी शौचालयाची दुरुस्ती असे काही ग्रामपंचायत खरेदी करून स्वतःच्या डेडस्टॉकमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंदवू शकते आणि आपल्याला वापरायला देऊ शकते. किंवा समाजमंदिराची एखादी खोली दुपारच्या तुकडीसाठी देऊ शकते. त्यासाठी विषय आधी महिला ग्रामसभेत मांडून ठराव घ्यावा आणि गावाच्या विकास आराखड्यात तो आला आहे की नाही, हे स्वतः वाचून पाहावे. ग्रामसेवक ‘घेतला’ म्हणाले म्हणून निश्चिंत राहू नये.

आणखी एक विनंती. पाळणाघराची वही घरखर्चाच्या वहीपासून आजच वेगळी करा आणि मासळीच्या रूपाने आलेली फीही त्यात अंदाजे किंमत लावून लिहा. पुढेमागे कोणी आकडा विचारलाच, तर तो दाखवता आला पाहिजे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. त्या गृहस्थांना नकार कळवला आहे. काल संध्याकाळी मुले न्यायला आलेल्या आयांपुढे तक्त्याचा विषय काढला, तेव्हा दोघींनी लगेच सह्या केल्या. एकीने मात्र विचारले, ‘अंगणवाडीत गेलीस तर पहाटे साडेपाचला दार कोण उघडणार?’ मला त्यावर उत्तर देता आले नाही. सेविका म्हणून माझी निवड झालीच, तर सकाळची पाळी अंगणवाडीत आणि संध्याकाळची माझ्या पडवीत, असे दोन्ही ठेवता येईल का?

प्रतिसाद १ ला लिहिणाऱ्या पर्यवेक्षिका

ताई, मानधन साडेसात तासांचे आहे. ते तास संपल्यावर आपण घरी काय करता यावर योजनेत मी तरी बंधन वाचलेले नाही. तरीही हे तोंडी कोणाला विचारू नका, नेमणुकीच्या वेळी लेखी विचारा. एकच मूल दोन्ही ठिकाणच्या हजेरीत मात्र येऊ देऊ नका. आणि तक्त्यात त्या बाईचा प्रश्न तिच्याच शब्दांत शेरा म्हणून लिहा. वेळ साडेपाचची का हवी, हे मलाही इतके नेमके लिहिता आले नसते.