मदत हवी आहे: नेदरलँड्सच्या डेअरी दौऱ्यात आधी गोठे की आधी संशोधन केंद्र?

आम्ही नऊ दूध उत्पादक मे महिन्यात पाच दिवसांसाठी नेदरलँड्सला जातोय. मे मुद्दाम निवडला, कारण हिवाळ्यात तिथल्या गायी आतच असतात आणि आम्हाला चराई बघायचीय. (तिथे 'कुरणातलं दूध' म्हणून विकायचं तर वर्षात किमान 120 दिवस, रोज 6 तास गायी बाहेर लागतात.) यादीत वाखेनिंगन विद्यापीठ, लेउवार्डनचं त्यांचं डेअरी कॅम्पस (दुग्धव्यवसायाचं संशोधन केंद्र) आणि रोबोट दोहन असलेले दोन खासगी गोठे आहेत. व्हिसा, गाडी, दुभाषी झालंय.

अडलंय ते जैवसुरक्षेवर, म्हणजे इथला रोग आमच्यासोबत तिथल्या गोठ्यात जाऊ नये यावर. एका गोठेवाल्याने लगेच होकार दिला. दुसऱ्याने मेलमध्ये एकच ओळ लिहिली: "जनावरांना शेवटचा हात कधी लावला?" प्रश्न रास्त आहे. 2001 ची लाळ्या खुरकूताची साथ तिथले लोक विसरलेले नाहीत, आणि आमच्यातले सहा जण निघायच्या दिवशीही धारा काढणार. बूट-कपडे इथलेच नेणार नाही, दुधाचे पदार्थही नाही, हे ठरलंय. ट्रॅव्हल एजंटला विचारलं, तर म्हणे "काही होत नाही". त्याच्यावर विसंबायचं नाही.

पहिले दोन दिवस वाखेनिंगनची व्याख्यानं ठेवून गोठे शेवटी घ्यायचा विचार आहे. जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी सांगा: इथल्या जनावरांना हात लावल्यापासून तिथल्या गोठ्यात शिरेपर्यंत प्रत्यक्षात किती तासांचं अंतर मागितलं? लेखी हमीपत्र द्यावं लागलं का? आणि एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात त्याच दिवशी जाऊ दिलं का?