लांब पल्ल्याच्या राईडसाठी सीट मऊ करून घेणे हा उपाय नव्हे

घाटवाट (कोथरूड):

पुण्याहून कोल्हापूरचे अंतर सुमारे 230 किलोमीटर आहे, आणि दुचाकीवर निघालेल्या बहुतेकांची साताऱ्याच्या अलीकडेच बसल्या जागी चुळबुळ सुरू होते. परत आल्यावर मित्रमंडळींचा सल्ला ठरलेला असतो: नाना पेठेत जा आणि सीटमध्ये दोन इंच मऊ फोम भरून घे. बहुतेकांच्या बाबतीत हा सल्ला पैसे वाया घालवणारा ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे मांडतो. ज्यांना ती पटत नसतील त्यांनी जरूर खोडून काढावीत.

बसलेल्या माणसाचे वजन पेलण्याची सोय निसर्गाने कमरेच्या हाडाच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर केलेली आहे. त्यांच्याभोवतीचे स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या तासन् तास दाब सोसण्यासाठी नाहीत. मऊ फोमवर बसले की ही दोन हाडे आत रुततात, आजूबाजूचा फोम वर येतो, आणि हाडांनी पेलायचे वजन मांड्यांच्या आतल्या बाजूवर व मधल्या नाजूक भागावर येऊन पडते. दुकानात पाच मिनिटे बसून हे कळत नाही, कारण तेवढ्यापुरता मऊपणा सुखाचाच वाटतो. तासाभराने फोम पुरता दबतो, हाडे जवळजवळ खालच्या प्लास्टिकच्या तळाला टेकतात, मुंग्या येऊ लागतात, आणि माणूस रस्त्याला शिव्या देतो.

याहून दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणजे सीटचा उतार. अनेक गाड्यांची सीट टाकीकडे उतरती असते, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला स्वार थोडा पुढे घसरतो, पुन्हा मागे सरकतो, आणि घामाने ओली झालेली कातडी या घासण्याने सोलवटते. पुढे घसरू नये म्हणून तो हँडलवर हात रेटून धरतो, त्यामुळे मनगटे आणि मानही दुखू लागतात. वर मऊ फोम चढवला तरी उतार तसाच राहतो.

म्हणून आधी मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, आपल्या व सामानाच्या वजनाप्रमाणे लावावा; आपण बसल्यावर मागची बाजू एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी खाली जावी, असा आडाखा आहे. मग कपडे बघावेत. जीन्सची जाड शिवण नेमकी बसण्याच्या जागी येते, आणि सुती अंतर्वस्त्रे घाम धरून ठेवतात. एवढे करूनही त्रास उरला तरच सीट उघडावी, आणि उघडलीच तर ती रुंद व सपाट करून घ्यावी.

हवेची बैठक (पिंपळे सौदागर):

हाडांविषयीचे आपले विवेचन मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. दाब एका जागी साचू नये हेच उद्दिष्ट असेल, तर एकमेकांना जोडलेले कप्पे असलेली हवेची उशी ते काम कोणत्याही फोमपेक्षा चांगले करते, कारण एका कप्प्यावर भार आला की तिथली हवा शेजारच्या कप्प्यात जाते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना शय्याव्रण होऊ नयेत म्हणून हवेच्या गाद्या वापरतात, त्यामागेही दाब वाटून देण्याचेच तत्त्व आहे.

लोक ही उशी टम्म फुगवतात आणि मग चेंडूवर बसल्यासारखे वाटते अशी तक्रार करतात. खरे तर तिच्यावर बसून हवा सोडत जायची आणि हाडे तळापासून जेमतेम बोटभर वर राहतील इतकीच ठेवायची. शिवाय उशी आज या गाडीवर, उद्या त्या गाडीवर बांधता येते. आपण सुचवता तशी सीट कापून घेतली आणि ती बिघडली, तर मूळ आकार परत कसा मिळवणार?

घाटवाट:

सपाट महामार्गापुरते आपले म्हणणे मान्य करतो. घाटात मात्र उशीवरचा माणूस वळणावर बाजूला हेलकावतो आणि गाडीचे मागचे चाक काय करते आहे याचा अंदाज पुसट होतो. सीटची उंची वाढते हा दुसरा प्रश्न आहे. बेताच्या उंचीच्या स्वाराला सिग्नलला पाय टेकवताना तो चांगलाच जाणवतो. पुण्याहून लडाखला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 5,359 मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे खाली बेताने भरलेली उशी वर जाईपर्यंत फुगून कडक होते, तिची हवा सोडावी लागते आणि उतरताना पुन्हा भरावी लागते.

हवेची बैठक:

त्यासाठी झडप अर्धा मिनिट उघडावी लागते. एवढ्यासाठी चांगली सीट सुरीखाली घालण्याचे कारण मला दिसत नाही.

जुना बुलेटवाला (सदाशिव पेठ):

आपण दोघेही सीटच्या मागे लागला आहात, आणि बसणाऱ्याकडे कोणी बघत नाही. स्प्रिंगांवर बसवलेल्या एकेरी खोगिरावरून आमच्या पिढीने महाबळेश्वर, पंढरपूर आणि गोवे केले, आणि तेव्हा जेल, उशी किंवा प्रीलोड यांची चर्चा कोणी करत नव्हते. अमेरिकेतील ‘आयर्न बट असोसिएशन’ चोवीस तासांत 1,000 मैल, म्हणजे सुमारे 1,600 किलोमीटर, दुचाकी चालवणाऱ्यांना प्रमाणपत्र देते. ते सवयीशिवाय साधत नाही.

माणसाचे शरीर एकाच स्थितीत राहण्यासाठी घडलेले नाही, आणि उत्तमातली उत्तम सीटही हा नियम बदलू शकत नाही. दर तासाला उतरावे, चार पावले चालावे, पाणी प्यावे. खराब पट्टा आला की फूटरेस्टवर उभे राहून गुडघ्यांनी धक्के झेलावेत. मुंबईला जाताना द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद असल्यामुळे आपल्याला जुन्या रस्त्यानेच जावे लागते, तेव्हा लोणावळ्याला थांबायला निमित्त शोधावे लागत नाही. कोल्हापूरपर्यंत एकदाच थांबलो असे अभिमानाने सांगणाऱ्याचे बूड दुखले, तर मला त्यात नवल वाटत नाही.

घाटवाट:

काका, थांबण्याविषयी दुमत नाही. पण ज्या खोगिराचा आपण दाखला दिला ते रुंद होते, त्याखाली स्प्रिंगा होत्या, आणि त्या गाडीवर पाठ ताठ ठेवून बसता येत असे; म्हणजे आपल्या पिढीला आकार आयताच चांगला मिळाला होता. सवयीची महती मी नाकारत नाही, पण 1,600 किलोमीटरच्या त्या राईड करणाऱ्यांतही स्वतःच्या मापाची सीट बनवून घेण्याची पद्धत चांगलीच रुळलेली आहे. फूटरेस्टचा मुद्दा मात्र मोलाचा आहे. पाय कमरेखाली असतील तर खड्ड्यावर उठता येते. क्रूझर प्रकारच्या दुचाकीवर पाय पुढे पसरलेले असतात, तेव्हा प्रत्येक धक्का थेट माकडहाडावर येतो.

मागच्या सीटवरून (औंध):

एवढ्या चर्चेत मागे बसणाऱ्या माणसाचा कोणालाही आठव झालेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मागची जागा अरुंद असते, फूटरेस्ट उंच असल्यामुळे गुडघे दुमडलेले राहतात, धरायला पुरेसा आधार नसतो, आणि पुढच्याच्या हेल्मेटमुळे येणारा खड्डा दिसत नाही. चालवणारा खड्डा पाहून अंग सावरतो, हवे तर उभा राहतो. मागच्याला धक्का बसल्यावरच कळते. अशा स्थितीत मऊपणा हा उपाय नव्हे हे आपले विधान सरसकट कसे लागू होईल? मागच्या भागावर हवेची उशी टाकल्याचा मला उघड उपयोग झाला आहे, आणि ‘हवेची बैठक’ यांच्या बाजूने माझे मत नोंदवावे.

दुसरे असे की, प्रीलोड एकट्याच्या वजनाला लावून लोक दोघांनी प्रवासाला निघतात. मागची बाजू खाली बसते, शॉकॲब्सॉर्बर तळाला आदळतो, आणि त्याचा मार मागच्यालाच जास्त बसतो. प्रीलोड दोन खाचा घट्ट करायला पाच मिनिटे लागतात, तरी निघण्याच्या घाईत ते कोणी करत नाही. आणि पुढची जागा रुंद करून घेताना एकसंध सीटमधली मागच्याची जागा कापली जाणार असेल, तर त्याला आधी विचारावे.

घाटवाट:

ताई, मागच्या सीटपुरते माझे विधान लागू होत नाही, हे आपल्या मुद्द्यांवरून स्पष्ट आहे. माझा आक्षेप चालवणाऱ्याच्या जागेपुरताच धरावा.

टाचणी आणि सुई (भवानी पेठ):

मी सीटच्या कामात आहे, त्यामुळे माझे मत धंद्याचे समजून वाचावे. माझ्याकडे आलेला ग्राहक ‘हाय डेन्सिटी’ फोम मागतो आणि तो कडक असणार असे गृहीत धरतो. घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत: घनतेवरून फोम किती वर्षे आकार धरेल याचा अंदाज येतो, आणि तो किती दबेल हे कडकपणा सांगतो. मेमरी फोम उष्णतेने सैल पडतो, म्हणून एप्रिलच्या उन्हात तो निकामी वाटतो. जेलचा पॅड दुपारी उन्हात गाडी ठेवली की असा तापतो की त्यावर बसवत नाही. तरीही लोक मागतात आणि आम्ही घालून देतो.

पावसाचा विचार तर कोणीच करत नाही. रेग्झिनच्या शिवणीतून पाणी आत जाते, फोम ते शोषतो, आणि ताम्हिणी घाटातून आलेली सीट दुसऱ्या दिवशीही बसणाऱ्याचे कपडे ओले करते. सीट उघडली तर फोमवर प्लास्टिकचा पातळ थर घालून घ्यावा आणि शिवण बसण्याच्या जागेवर येऊ देऊ नये.

‘घाटवाट’ यांचा आकाराचा मुद्दा बरोबर आहे, पण कापण्याआधी तो तपासता येतो. योगासनाच्या घट्ट चटईचा तुकडा घडी करून सीटच्या पुढच्या उतरत्या भागावर पट्ट्याने बांधावा आणि लोणावळ्यापर्यंत जाऊन यावे. पुढे घसरणे थांबले आणि मनगटे हलकी वाटली, तर दोष उताराचा आहे आणि काम करून घेण्यात अर्थ आहे. घसरणे थांबूनही हाडे तितकीच दुखली, तर अरुंदपणा किंवा फोम यांकडे बघावे. यांपैकी काहीही न तपासता आलेल्या ग्राहकाची सीट मी करतो, पण जुना फोम फेकत नाही. गोणीत घालून परत देतो.

हवेची बैठक:

चटईची चाचणी करून बघतो. तुकडा पट्ट्याने बांधताना टाकीचे झाकण उघडता येईल इतकी जागा सोडावी, नाही तर पेट्रोल पंपावर सगळे सोडून बसावे लागेल.