जर्मनीत दोन वर्षं काढली की माणूस आपोआप बहुसांस्कृतिक होतो?

सह्याद्रीपार:
‘जर्मनीत एमएस केलं की दोन वर्षांत आपोआप दोन संस्कृतींचे होता’ असं कालच्या एका लेखात वाचलं. त्या ‘आपोआप’वर आक्षेप आहे. वर्ग इंग्रजीत, थिसिस इंग्रजीत, घरात चार भारतीय, शनिवारी इंडियन स्टोअरमधून आटा. यात जर्मनी आली कुठे? जर्मन ए१ वर, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर सोडलं की आनमेल्डुंगला (पत्त्याच्या सरकारी नोंदणीला) मित्र सोबत न्यावा लागतो आणि वेगेवाले, म्हणजे एकत्र भाड्याने घर घेऊन राहणारे, खोली द्यायच्या मुलाखतीलाही बोलावत नाहीत. निदान बी१, म्हणजे मधली पातळी करा. विद्यापीठातून टॅन्डम जोडीदार मिळवा, अर्धा तास जर्मन, अर्धा तास मराठी. एखाद्या फेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या हौशी मंडळात नाव घाला.

हिंगजिरे:
अहो, व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. म्युनिकमध्ये त्यातले निम्म्याहून जास्त खोलीभाड्यात सहज जातात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग करायचं, त्याला घरमालकाचा सहीचा दाखला हवा. तो अडला की पुढे निवास परवानाही अडतो. अशा वेळी खोली आपलीच माणसं देतात. जर्मनांच्या वेगेत गेलात तर फोडणीवरून महिनाभरात कुरबुर सुरू! मग कोणी कोणाची संस्कृती शिकायची?

तापलेलं तेल:
फोडणीचं भांडण बरंचसं चिमणीचं आहे. तिथल्या बऱ्याच चिमण्या हवा बाहेर टाकत नाहीत, कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत आतच सोडतात. फिल्टर वर्षानुवर्षं बदललेला नसतो. त्यात सिरॅमिक शेगडी, बंद केली तरी तापलेलीच राहते आणि मोहरी करपते. जाड बुडाचं कढलं घ्या, मोहरी तडतडली की झाकण ठेवून ते शेगडीवरून उचला. स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी दहा मिनिटं सताड उघडा. नुसती तिरकी करून तासन्‌तास ठेवली तर हिवाळ्यात भिंत गार पडून बुरशी धरते आणि पैसे डिपॉझिटमधून कापले जातात.

हिंगजिरे:
म्हणजे दारंही आम्हीच लावायची! रविवारी काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, रात्री दहानंतर आवाज नाही. नियम सगळे त्यांचे, शिकणं सगळं आमचं. याला ‘बहु’ म्हणता?

सह्याद्रीपार:
रविवारची शांतता जर्मनांनाही पाळावी लागते. पुट्झप्लान, म्हणजे घराच्या साफसफाईच्या पाळ्या, सगळे बसून ठरवतात, तिथे तुम्हीही बोला. जर्मनमधून बोलायची तयारी हवी, एवढंच म्हणतोय.

सातबारा:
कढल्यावरून किती भांडाल? कागदावर एकच ओळख उरते, त्याचं बोला. २७ जून २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व मान्य करते, भारत करत नाही. जर्मन पासपोर्ट घेतलात की भारतीय परत करायचा. हाती उरतं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. त्यावर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

हिंगजिरे:
ते वेगळ्या धाग्यात काढा. टॅन्डमचं पटलं, नाइलाजाने म्हणा हवं तर. पण पहिलं सेमिस्टर आपल्याच माणसांत काढावं, यावरून मी हटणार नाही. झाकण ठेवू. दार लावणार नाही.

तापलेलं तेल:
मग पॅसेजमधले सगळ्यांचे कोट आधी खोल्यांत हलवा. लोकरीत तो वास मुरतो.