चित्रपटाच्या दुसऱ्या भागात मूल तेच हवं का?

पटकथेची_वही
'नाळ' हा चित्रपट नोव्हेंबर 2018 मध्ये आला, 'नाळ 2' नोव्हेंबर 2023 मध्ये. मधल्या पाच वर्षांत चैत्या साकारणारा बालकलाकार श्रीनिवास पोकळे उंचीने, चेहऱ्याने बदलला. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी ते झाकलं नाही. चैत्याला जन्मदात्या आईच्या गावी नेलं आणि भावंडांशी गाठ घालून दिली. पहिल्या भागातल्या चिमुरड्या चैत्याला ही गोष्ट पेललीच नसती. माझं ठाम मत आहे की मूल तेच हवं आणि पटकथेने त्याच्या वयामागे जावं. कथेतला काळ खऱ्या काळाएवढाच सरकवा. मसुदा पक्का करण्याआधी नवी लुक टेस्ट, म्हणजे मूल आता पडद्यावर कसं दिसतं याची चाचणी, घ्या. जुने फोटो समोर ठेवून लिहिलं की बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी आठ वर्षांची भाषा येते.

निर्मितीखर्च
पाच वर्षं थांबणं किती निर्मात्यांना परवडेल? तोवर लोकेशनचं घर पाडलेलं असतं आणि मुलाचा अभिनयातला रसही आटलेला असू शकतो. मुलगे साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर वाढतात, मुली त्याच्या दोनेक वर्षं आधी. त्यापेक्षा दोन्ही पटकथा तयार ठेवा आणि एकत्रच चित्रीकरण करा. जेम्स कॅमेरॉन यांनी 'अवतार'चा दुसरा आणि तिसरा भाग एकत्र, शिवाय चौथ्याचाही थोडा भाग मुलं मोठी होतील म्हणूनच उरकून घेतला.

नियमावर_बोट
ते गणित इथे बसत नाही. 14 वर्षांखालच्या कलाकारांसाठी 2017 चे केंद्रीय नियम आहेत. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, तीन तासांनंतर विश्रांती हवीच, आणि सलग 27 दिवसांपुढे काम नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगीही सहा महिनेच चालते. समजा, एका भागात मुलाचे 35 दिवस लागले तर दोन भागांचे 70. म्हणजे किमान तीन शेड्यूल, मध्ये शाळा आणि परीक्षा. मे महिन्यात सुरू केलेलं दृश्य दिवाळीच्या सुट्टीत पुरं केलंत, तर दारातून शिरताना मुलाचं डोकं कडीखाली आणि आत आल्यावर कडीला टेकलेलं दिसेल.

आणि पुढच्या भागाचा करार आधीच करून ठेवू म्हणत असाल, तर मुंबई उच्च न्यायालयाचा 1949 चा राज राणी विरुद्ध प्रेम अदीब हा निकाल वाचा. वडिलांनी अल्पवयीन मुलीसाठी केलेला चित्रपटाचा करार तिथे टिकला नाही. पालकांच्या सहीच्या भरवशावर दुसऱ्या भागाचं बजेट लावू नका.

पडद्यासमोर
मुळात हा हट्ट कशासाठी? 'टाइमपास 2' (2015) मध्ये कथा बरीच पुढे गेली आणि दगडू-प्राजक्ता म्हणून प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट आले. पहिल्या भागातले चेहरे नसूनही गोष्ट पुढे सरकलीच ना? मुलाला दहावीच्या वर्षात सेटवर ओढण्यापेक्षा कलाकार बदलणं केव्हाही बरं.

पटकथेची_वही
तिथे पात्रंच मोठी झाली होती, म्हणून चेहरा बदलणं खपलं. बारा वर्षांच्या चैत्याच्या जागी दुसरा बारा वर्षांचा मुलगा उभा केला असता, तर आईने त्याला जवळ घेताना प्रेक्षक तिच्याऐवजी मुलाचा चेहरा तपासत बसला असता. दहावीचं म्हणणं मात्र मान्य. त्या वर्षी शेड्यूल लावूच नये.

ध्वनीकोपरा
सगळे उंचीवर बोलताय, पण जास्त घोळ आवाजाचा होतो. उंची पेटीवर उभं करून किंवा कॅमेरा खाली घेऊन सांभाळता येते. फुटलेला आवाज परत येत नाही. मशीनवर सूर वर चढवला तरी घसा आणि तोंडाची पोकळी वाढल्याने पडलेला फरक तसाच राहतो, मग आवाज कार्टूनसारखा वाटतो. म्हणून बारा-तेराचा मुलगा असेल तर सिंक साउंडच (चित्रीकरण चालू असतानाच टिपलेला आवाज) घ्या आणि दृश्य संपताच तिथेच वाइल्ड ट्रॅक (कॅमेरा बंद ठेवून केलेलं फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग) घ्या. त्यात त्या दिवसाचे संवाद, हाका, हसणं, धाप, हुंदका सगळं हवं. संकलन पूर्ण होईपर्यंत डबिंग लांबवलंत तर तोवर आवाज बदललेला असेल.

मूल लहान असेल तर दातांकडे लक्ष ठेवा. समोरचे दुधाचे दात सहा-सातव्या वर्षी पडू लागतात. दंतवैद्याकडून काढता-घालता येणारा दात करून घेता येतो, पण सुरुवातीला तो लावून 'स' आणि 'त' बोबडे येतात. चित्रीकरणाआधी काही दिवस तो लावून मोठ्याने वाचायचा सराव करून घ्या. आणि वाइल्ड ट्रॅकची वेळ वरच्या पाच तासांतच धरा, पॅक-अपनंतर मुलाला थांबवून घेऊ नका.