मदत हवी आहे: नवी नोकरी आणि मोठी होत चाललेली मुलं

मैत्रिणींनो, जरा सल्ला हवाय. बऱ्याच वर्षांनी नोकरी बदलायचं मनात आहे. ऑफर लेटर आलंय, काम आवडीचं आहे, पगारही बरा. अडचण वेळेची. सध्या मी बहुतेक घरूनच काम करते; तिथे प्रोबेशन संपेपर्यंत रोज ऑफिसला जावं लागेल, रजाही मोजक्याच.

धाकटीची फारशी काळजी नाही, ती बाबांसोबत मजेत राहते. प्रश्न थोरल्याचा, तो चौदाचा आहे. सगळे म्हणतात, "आता मोठा झालाय, त्याला कशाला लागतेस तू?" मला उलटंच वाटतं. लहान असताना त्याला भरवायला, झोपवायला कुणीही चालायचं. आता तो खोलीचं दार लावून बसतो, आणि संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत असले की अचानक येऊन शाळेतलं काहीतरी सांगून जातो. मुद्दाम विचारलं तर "काही नाही" एवढंच! आणि नेमकी तीच वेळ जाणार. (त्यालाच विचारलं तर म्हणाला, "घे ना जॉब, मला काय!" यावर किती विश्वास ठेवायचा देव जाणे.)

या वयाची मुलं असताना कुणी रोजच्या ऑफिसला परत गेलंय का? मुलं बोलती राहावीत म्हणून काय केलंत? आणि लवकर जाऊन लवकर निघण्याची सवलत एचआरकडे आत्ताच मागून लेखी घ्यावी, की प्रोबेशननंतर विषय काढावा? होकार या आठवड्यातच कळवायचा आहे.